बजरीगार पांखराचें देशांतर

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या शेजारीं एक लहानसा समारंभ झाला. घरांतील वडील माणसांची पंचाहत्तरी होती. पिंजऱ्यांतील पांखरूं मोकळें केल्यानें पुण्य लाभतें अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. तिला अनुसरून बाजारांतून लव्हबर्डच्या दोन जोड्या आणल्या गेल्या व गच्चीवर सर्वांदेखत पिंजऱ्याचें दार उघडण्यांत आलें. टाळ्या झाल्या. परंतु टाळ्यांचा आवाज विरतो न विरतो तोंच कावळे जमले, आणि चारांपैकीं तीन पांखरांचें जें व्हावयाचें तें झालें. चौथें, निळ्या रंगाचें, तासाभरानें माझ्या परसांतील पिंजऱ्याच्या जाळीला नख्यांनीं लटकलेलें दिसलें. आंतील पांखरांशीं त्याची एकसारखी बडबड चालली होती. मीं दार किंचित् उघडतांच तें आपण होऊन आंत शिरलें.

शेजाऱ्यांची आठ वर्षांची नात कुंपणापाशीं उभी होती. ती म्हणाली, "मास्तर आजोबा, आपण त्याला मोकळं सोडलं, मग ते परत तुरुंगात का गेलं?"

ह्या प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर देतां येईना. चाळीस वर्षें मुलांना इतिहास-भूगोल शिकवला, पण परसांतल्या पांखराचा इतिहास मीं तोंवर कधीं नीट पाहिलाच नव्हता. तो पाहूं लागलों तेव्हां त्यांत दोन शतकें निघालीं आणि तीन खंड निघाले. तोच आज श्रोत्यांपुढें ठेवतों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपण बाजारांत ज्याला लव्हबर्ड म्हणतों तें खरें लव्हबर्ड नव्हे. तें नांव आंखूड शेपटीच्या एका आफ्रिकी पोपटाचें आहे. लांब शेपटीचें, मानेवर व पाठीवर काळ्या लहरी असलेलें हें आपलें चिमुकलें पांखरूं म्हणजे बजरीगार. त्याचें घर ऑस्ट्रेलिया खंडाच्या आंतल्या कोरड्या मुलुखांत आहे. बजरीगार हा शब्दही तिकडच्या मूळ रहिवाशांचा, गमिलराय लोकांच्या भाषेंतला आहे. इंग्रजांनीं तो ऐकेल तसा लिहिला, व लिहितां लिहितां आजचें रूप झालें.

त्या मुलुखांत हें पांखरूं एका जागीं राहत नाहीं. पाऊस कोठें पडेल ह्याचा तेथें नेम नसतो. पाऊस पडला कीं गवत वाढतें, गवताला बीं येतें, आणि त्या बियांच्या मागावर हजारों बजरीगार हिरव्या ढगासारखे येऊन उतरतात. यूकॅलिप्टसच्या झाडांच्या ढोल्यांत, एकाच झाडावर कित्येक जोड्या, अशी त्यांची वस्ती होते. पिलें उडतीं झालीं आणि गवत वाळलें कीं सारा थवा पुढच्या पावसाच्या शोधांत निघून जातो. पाऊस न पडला तर? १९३२ च्या जानेवारींत मध्य ऑस्ट्रेलियांत अतोनात उष्म्याची लाट आली, तेव्हां पाणवठ्यांभोंवतीं ह्या पांखरांचे ढीगच्या ढीग मरून पडले. स्वातंत्र्याची किंमत तेथें अशी वसूल होते.

विद्वानांच्या जगाला ह्या पांखराची ओळख मृतावस्थेंत झाली. १८०५ सालीं जॉर्ज शॉ नांवाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें एका मेलेल्या नमुन्यावरून त्याचें वर्णन छापलें, आणि अंगावरील लहरींवरून त्याला लहरी असलेला पोपट अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. जिवंत पांखरूं युरोपनें पाहावयास आणखी पस्तीस वर्षें जावीं लागलीं. तें काम जॉन गूल्ड ह्यांनीं केलें. ऑस्ट्रेलियांतील पक्ष्यांवर मोठा सचित्र ग्रंथ काढण्यासाठीं ते १८३८ सालीं तिकडे गेले. बरोबर त्यांची पत्नी एलिझाबेथ होती. ती उत्तम चित्रकार होती, व गूल्डांच्या ग्रंथांतील पुष्कळ चित्रें तिच्या हातचीं आहेत. तिचे भाऊ न्यू साउथ वेल्समध्यें जमीन घेऊन राहिले होते. त्यांपैकीं चार्ल्स कॉक्सेन ह्यानें कांहीं बजरीगार हातानें भरवून वाढवले होते. त्यांतील जोडी १८४० सालीं गूल्डांबरोबर लंडनला जिवंत पोंचली. तेव्हांच्या शिडाच्या जहाजाचा कित्येक महिन्यांचा तो प्रवास लक्षांत घेतला म्हणजे ह्या मूठभर जिवाच्या काटकपणाचें आश्चर्य वाटतें. एलिझाबेथ मात्र पुढच्याच वर्षीं बाळंतपणानंतर वारली. ग्रंथ पुढें पतीच्या नांवानें प्रसिद्ध झाला.

जोडी आली, ती लोकांना आवडली, आणि मग जहाजें भरभरून हे पक्षी येऊं लागले. परंतु पाहुणे म्हणून आलेले असंख्य पक्षी युरोपांत येऊन मेले आहेत. बजरीगार मात्र तेथें वंश वाढवून राहिले. ह्याचें कारण मला पुस्तकांत सांपडण्याआधीं माझ्या मडक्यांत सांपडलें.

रानांतील जे गुण त्याला वाळवंटानें शिकविले, तेच पिंजऱ्यांत उपयोगी पडतात. गवताच्या बियांवर तें जगतें, म्हणून राळे आणि बाजरी त्याला पुरते. पाणी थोडें लागतें. तें ऋतूची वाट पाहत नाहीं; दाणा, पाणी व ढोली हीं तिन्ही एकत्र दिसलीं कीं पाऊस पडून गेला असें समजून विणीस लागतें. आपण रोज सकाळीं दाण्याची वाटी भरतों, आडवें टांगलेलें मडकें दाखवतों. पिंजऱ्यांत बारा महिने पाऊस पडून गेलेला असतो! म्हणूनच जाणते लोक दोन विणींनंतर मडकें काढून घेतात. नाहीं तर मादी अंडीं घालतां घालतां खंगून मरते. हें मला कोणीं सांगितलें नव्हतें, आणि पहिल्या वर्षीं त्याची शिक्षा एका चांगल्या मादीला भोगावी लागली.

दुसरी चूकही सांगून टाकतों. थव्यानें राहणारें पांखरूं म्हणजे भांडत नसेल, अशा समजुतीनें मीं तीन जोड्यांना तीनच मडकीं दिलीं, आणि तींही एक उंच व दोन खालीं. तिन्ही माद्यांना उंचावरचेंच हवें होतें. आठवड्यांत पांच अंडीं फुटलीं व एकीचा पाय जायबंदी झाला. आतां जोड्यांच्या दुप्पट मडकीं टांगतों, सारीं एका उंचीवर. मादी एक दिवसाआड एक अशीं चार ते सहा अंडीं घालते. अठराव्या दिवशीं पहिलें पिल्लूं बाहेर येतें, आणि अंडीं जशीं घातलीं तशींच पिलेंही मागेंपुढें निघतात. त्यामुळें एकाच मडक्यांत थोरला पिसांनीं भरलेला व धाकटा उघडाबोडका असें दृश्य दिसतें. नर मादीला भरवतो, मादी पिलांना. सुमारें पांच आठवड्यांनीं पिलें बाहेर पडतात. समुद्रफेणाचा तुकडा जाळीला अडकवून ठेवला म्हणजे अंड्यांच्या कवचाला लागणारा चुना मादीला मिळतो.

असो. परसांतून पुन्हां युरोपांत जाऊं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनी, बेल्जम, फ्रान्स येथें घरोघरीं व पुढें मोठमोठ्या पक्षिगृहांत ह्यांची पैदास होऊं लागली. हीं सारीं पांखरें हिरवींच होतीं. १८७० नंतरच्या कांहीं वर्षांत बेल्जममध्यें पिवळें पांखरूं निपजलें, आणि १८८० च्या आसपास निळें. हें निळें १९१० सालीं लंडनच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें तेव्हां पक्षिप्रेमी मंडळींत खळबळ उडाली. रानांतही असें एखादें क्वचित् निपजतच असेल. पण हिरव्या थव्यांत उठून दिसणारें पांखरूं ससाण्याच्या नजरेंतून सुटावें कसें? माणसानें मात्र नेमकें तेंच निवडलें, जपलें आणि जोडीला लावलें.

रंगाचें हें कोडें मोठें सुंदर आहे. बजरीगारच्या पिसांत निळें रंगद्रव्य मुळींच नसतें. पिसाच्या बारीक रचनेमुळें प्रकाशांतील निळा भाग तेवढा परत फिरतो व तो निळा दिसतो. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो, म्हणून आपल्याला हिरवें दिसतें. पिवळें द्रव्य नाहींसें झालें तर पांखरूं निळें, काळें द्रव्य गेलें तर पिवळें, दोन्हीं गेलीं तर पांढरें. पिवळें द्रव्य तयार करण्याची शक्ति मात्र आईकडून किंवा वडिलांकडून, एकाकडून जरी आली तरी पुरते. त्यामुळें निळा रंग हिरव्याच्या पोटांत पिढ्यान् पिढ्या दडून राहूं शकतो. तसे दोघे हिरवे एकत्र आले म्हणजे सरासरीनें चार पिलांत एक निळें निघतें. माझ्या एका हिरव्या जोडीच्या मडक्यांत निळें पिल्लूं दिसलें तेव्हां आमच्या घरांत त्या मादीच्या चारित्र्याबद्दल जी चर्चा झाली ती येथें सांगत नाहीं. ती बिचारी निर्दोष होती.

हा हिशेब पक्ष्यांच्या बाबतींत बारकाईनें मांडणारांत एक शाळामास्तर होते, हें वाचून मला प्रथम फार आनंद झाला. ब्रेमेन शहरांतील हान्स डुंकर हे ते गृहस्थ. १९२० नंतरच्या दशकांत क्रेमर नांवाच्या एका धनिक व्यापाऱ्याच्या पक्षिगृहांत त्यांनीं बजरीगारच्या जोड्या लावून मेंडेलचे नियम पडताळून पाहिले. पुढें वाचलें तेव्हां आनंद मावळला. ह्याच डुंकरांनीं मनुष्यांच्या वंशशुद्धीच्या मताचाही पुरस्कार केला व ते नाझी पक्षांत गेले. पिसांच्या रंगाचें गणित बरोबर सोडविणाऱ्या मास्तरानें माणसाच्या बाबतींत इतकी भयंकर चूक करावी! वर्गांत मुलांचे हुशार आणि ढ असे दोन भाग पाडण्याची संवय मलाही होती, हें त्या रात्रीं आठवलें.

ह्याच सुमारास जपानांत निळ्या बजरीगारचें वेड शिगेस पोंचलें होतें. विरळ रंगाच्या जोडीला इंग्लंडांत शंभर पौंडांहून अधिक किंमत येई. मग पैदास वाढली, भाव कोसळले, आणि पुष्कळांचे हात पोळले. इंग्लंडांत १९२५ सालीं ह्या पक्ष्याची स्वतंत्र संस्था निघाली. आज प्रदर्शनासाठीं वाढवलेलें पांखरूं पाहिलें तर डोक्यावरच्या पिसांत त्याचे डोळे जवळजवळ बुडालेले असतात. रानांतील भाऊ सुमारें तीस ग्रॅमचा, हा त्याहून कितीतरी जड. आकाशवाणीच्या श्रोत्यांना आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९५८ सालीं बी. बी. सी.नें बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा ठेवली, तींत स्पार्की नांवाचा बजरीगार पहिला आला. त्याला पांचशेंहून अधिक शब्द येत. १९६२ सालीं तो मेला. पेंढा भरलेला स्पार्की न्यूकॅसलच्या वस्तुसंग्रहालयांत ठेवला आहे.

पिवळें द्रव्य नेमकें कोणत्या जनुकामुळें तयार होतें हें २०१७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें. निळ्या पांखरांत त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या लांब साखळींतील एक, केवळ एकच दुवा बदललेला असतो. बेल्जममधील त्या जुन्या पिंजऱ्यांत जें घडलें तें एवढेंच.

आपल्याकडे ह्या पांखराची जी आज रेलचेल आहे तिला कायद्याचाही हातभार लागला. पूर्वी ओसरीवर राघूचा पिंजरा असे. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद झाला. राघू पिंजऱ्यांत ठेवणें आज गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे. तो आपल्या रानाचा आहे. त्याची रिकामी जागा ह्या परदेशी पांखरानें घेतली. ऑस्ट्रेलियानें आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात १९६० सालापासून बंद केली आहे. तेव्हां आपल्या बाजारांतील पांखरूं रानांतून धरून आणलेलें नसतें. त्याचे आजे-पणजे पिंजऱ्यांत जन्मलेले असतात.

मग असें पांखरूं मोकळें सुटलें तर पुन्हां रानटी होईल काय? अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत हा प्रयोग नकळत झाला. सुटलेल्या व सोडलेल्या बजरीगारांची तेथें वस्ती झाली आणि १९७० नंतरच्या दशकांत ती हजारोंच्या घरांत गेली. पुढें ती ओसरत गेली, आणि २०१४ च्या सुमारास नाहींशी झाली. हवा चांगली, दाणा मुबलक, माणसांची माया, एवढें असून ही गत. आमच्या गच्चीवरून उडालेल्या चौघांजवळ तर ढोली नव्हती, थवा नव्हता, आणि अंगावरचा निळा-पिवळा रंग कावळ्याला दुरून बोलावीत होता.

हें सारें त्या मुलीला मीं कुंपणाशीं उभा राहून, तिच्या भाषेंत, तीन संध्याकाळीं सांगितलें. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "म्हणजे त्याचं घर तिकडेही नाही आणि इकडेही नाही?" मीं म्हणालों, "त्याचं घर आता जिथं थवा असेल तिथं." तिनें आजोबांना काय सांगितलें कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशीं ते स्वतः राळ्यांची पिशवी घेऊन आले, आणि कांहीं न बोलतां पिंजऱ्याजवळ बराच वेळ बसून राहिले.

निळ्या पांखराच्या नाकाशीं असलेला मऊ भाग तपकिरी आहे, म्हणजे ती मादी. महिन्याभरानें तिनें एका हिरव्या नराशीं जोडी जमवली आणि कोपऱ्यांतलें मडकें धरलें. आजवर पांच अंडीं झालीं आहेत. त्या नराच्या पोटांत निळा दडला असेल तर साधारण निम्मीं पिलें निळीं निघतील, नसेल तर सारीं हिरवीं. मुलीनें शाळेच्या वहींत पांच चौकोन आंखून ठेवले आहेत, व रंगाची पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे.