सावेदादांचा कॅमेरा

भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिताना ३ मे १९१३ ही तारीख बहुधा उंबरठ्यासारखी वापरली जाते. तिच्यानंतरचा तो इतिहास, आधीची ती पूर्वपीठिका. या पूर्वपीठिकेत ज्यांची एका परिच्छेदात बोळवण होते, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा (जन्म १८६८) आमच्या मते तेवढ्यावर संपणारे गृहस्थ नव्हेत. पहिल्या कथापटाचा नायक हरिश्चंद्र आणि त्याच्या १४ वर्षे आधी मुंबईत कॅमेरा फिरवणाराही हरिश्चंद्रच, हा योगायोगही सहसा कोणी टिपत नाही!

सावेदादा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करीत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखविली गेली. प्रवेशमूल्य एक रुपया. त्या चित्रांत काय होते? स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत. कथा नव्हती, फ्रान्समधले रोजचे जगणे होते. फ्रान्समधला कामगार जर पडद्यावर येतो, तर मुंबईतला माणूस का नको, हा प्रश्न त्यातून आपोआपच उभा राहतो. सावेदादांनी लंडनहून २१ गिनींना रायली कंपनीचा कॅमेरा मागवला, तो जणू या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच.

१८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डन्समध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती चित्रित केली. हँगिंग गार्डन्स हा काही आखाडा नव्हे. पण त्या काळच्या कॅमेऱ्याला हवा असलेला भरपूर उजेड तिथे होता. चित्रित केलेली फिल्म प्रक्रियेसाठी बोटीने लंडनला पाठवावी लागे. म्हणजे मुंबईच्या कुस्तीने आधी समुद्र ओलांडायचा आणि मग मुंबईकरांनी ती पाहायची! त्यांचे दुसरे चित्र माणूस आणि माकडांचे. विषयांची ही निवड पाहावी: राजा नाही, देव नाही, गर्दी जिथे जमते ते सगळे.

डिसेंबर १९०१ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. त्यांचे स्वागत सावेदादांनी टिपले आणि ती आपल्याकडील पहिली वार्ताचित्रफीत मानली जाते. आम्हाला तिचे महत्त्व निराळ्या ठिकाणी दिसते. वर्तमानपत्रात वाचलेला अभिमान इथे चेहऱ्यांसकट पुन्हा पाहता येणार होता आणि पडद्यासमोर बसलेल्यांपैकी कोणीतरी त्या गर्दीत स्वतःलाच शोधणार होते. १९०३ च्या दिल्ली दरबाराचेही चित्रण त्यांनी केले. पण दरबाराच्या थाटापेक्षा एका गणितज्ञाला पाहायला जमलेली माणसे आम्हाला अधिक मोलाची वाटतात. (याच रँग्लरांची नात सई परांजपे पुढे चित्रपट-दिग्दर्शक झाली, हे जाता जाता.)

साहित्याच्या अभ्यासकांना यातली विसंगती चटकन जाणवावी. त्याच सुमारास ह. ना. आपटे आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत होते आणि आपण मराठी कादंबरीचे प्रौढपण तिथूनच मोजतो. अद्भुतातून आजकडे येणे ही गद्यातली प्रगती ठरते. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ‘आजकाल’ आधी आला, पुराणकथा मागाहून आली, आणि आपण आरंभ धरला तो पुराणकथेपासून. फाळके यांचे मोठेपण यत्किंचितही उणे करण्याचा येथे हेतू नाही. स्टुडिओ, कथन, क्लृप्तिदृश्ये यांचा सारा संसार त्यांनी उभा केला. प्रश्न एवढाच, की कथा नसलेल्या चित्राला इतिहासात कोणत्या खोलीत बसवायचे? निबंधाला साहित्यात जागा देणाऱ्यांना हा प्रश्न अवघड जाऊ नये.

अडचण अशी, की ही चित्रे आज पाहायला मिळत नाहीत. मल्लांची नावे राहिली, कुस्ती गेली. कोलकात्याच्या हीरालाल सेन यांचेही तेच. त्यांच्या फिती १९१७ च्या आगीत जळाल्या. त्यामुळे आपण वाचतो ती केवळ शीर्षके आणि शीर्षकांवरून रसग्रहण होत नाही.

सावेदादांनी पुढे कॅमेरा सोडला आणि बोरीबंदरासमोरच्या गेइटी थिएटरची व्यवस्था पाहिली. व्यवस्थापक म्हणून त्यांचा जम उत्तम बसला. इतरांची चित्रे लावण्यात पैसा होता. शेजाऱ्यांची चित्रे घेण्यात, त्या काळी तरी, तो नसावा. गेइटीचे पुढे कॅपिटॉल झाले, बोलपट आले, फाळके १९४४ मध्ये गेले. सावेदादा १९५८ पर्यंत हयात होते.