गोंदिया जिल्हा : मोहाच्या मुलखातील पर्यटन

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. फ्रान्सच्या कोन्याक परगण्याची ओळख द्राक्षांच्या ब्रँडीशी जोडली आहे. तसाच गोंदियाच्या रानाचा जीव मोहाच्या झाडात आहे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फिकट पिवळी, रसदार फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडलेला असतो. बायामुले उजाडताच टोपल्या घेऊन वेचणीला निघतात, मग फुले अंगणात वाळतात. वाळलेली फुले पाण्यात आंबवून, चुलीवर उकळून निघणारी वाफ थंड केली की मोहाची दारू होते. गोंड समाजाच्या देवपूजेत आणि सणसमारंभांत तिला मान आहे. मात्र परवान्याविना दारू गाळणे कायद्याने गुन्हा ठरतो. फुले भाजून किंवा पिठात मिसळूनही खातात.

याच रानात नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आहे. तो कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे सांगतात. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या नैसर्गिक गुहेत माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. नागझिऱ्याचे जंगल, हाजरा धबधबा आणि नागऱ्याचे प्राचीन शिवमंदिर हीही आवर्जून पाहावीत अशी ठिकाणे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील गोंदिया जंक्शन हे प्रवासाचे मुख्य स्थानक.