टँक मूळची की नंतरची?

मंडळी, आज आपण पत्र्याच्या एका पेटीबद्दल बोलूया. साठच्या दशकातला फेंडरचा ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्प्लिफायर मागून पाहिला, तर तळाशी पिशवीत ती आडवी ठेवलेली दिसते. लांबी साधारण १७ इंच, आत ताणलेल्या स्प्रिंगा. हीच रिव्हर्ब टँक. एका टोकाला सिग्नल स्प्रिंगला पीळ देतो. ती लहर दुसऱ्या टोकाला जाते, परत फिरते, आणि गिटारचा सूर मोठ्या दालनात घुमल्यासारखा ऐकू येतो.

ही युक्ती मुळात गिटारसाठी नव्हती बरं का! लांबच्या टेलिफोन तारांमधला विलंब अभ्यासण्यासाठी बेल लॅब्जने स्प्रिंग वापरली. लॉरेन्स हॅमंड यांच्या कंपनीने ती ऑर्गनमध्ये आणली. फेंडरने १९६१ मध्ये रिव्हर्बचं स्वतंत्र युनिट काढलं आणि १९६३ मध्ये व्हायब्रोव्हर्बमध्ये रिव्हर्ब आतच बसवला.

आता जुना अ‍ॅम्प्लिफायर समोर आला, की त्यातली टँक मूळची कशी ओळखायची? अडचण अशी, की दोन वायरी उपसल्या की टँक बदलता येते. पुष्कळ जण ४एबी३सी१बी हा कोड पाहून निश्चिंत होतात. पण त्यातला ४ म्हणजे टँकचा प्रकार, ए आणि बी म्हणजे दोन्ही टोकांचा इम्पीडन्स, ३ म्हणजे लांबणारा घुमारा. म्हणजे हा कोड गुणधर्म सांगतो, वय नाही. आजच्या नव्या टँकवरही तो असतो. मल्टीमीटरचंही तेच. आत जाणाऱ्या बाजूला जेमतेम १ ओहम, बाहेरच्या बाजूला २०० च्या आसपास. यावरून कॉइल शाबूत आहे एवढंच कळतं.

मग आपण नाव पाहतो. हॅमंडचा हा व्यवसाय अ‍ॅक्युट्रॉनिक्स या नावाने सुरू झाला १९७१ मध्ये. तेव्हा १९६५ च्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते नाव दिसलं, तर टँक नंतरची, यात शंका नाही. उलट हॅमंडचं नाव दिसलं, तरी लगेच मान डोलवू नये. ती दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेली असू शकते. पोटेन्शिओमीटरवरचा आकडा वाचावा: १३७६४२० म्हणजे सीटीएस कंपनी, १९६४, विसावा आठवडा. लाकडावरची स्क्रूची भोकं, धुळीचे डाग, पिशवीची झीज जुळते का, तेही पाहावं.

एक पुरावा नकार देऊ शकतो. होकारासाठी मात्र सगळे एकत्र यावे लागतात. आणि टँक बदललेली निघाली, तर विकताना तसं सांगावं. वाजण्यात फरक नसेलही, पण घेणारा पैसे मोजतो ते तिच्या इतिहासाचेही.