एक संगणक, अनेक पडदे : स्वस्त ग्राफिक्स कार्डाच्या निवडीचा इतिहास

एकाच संगणकाला दोन किंवा तीन मॉनिटर जोडून काम करणे ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. एका पडद्यावर हस्तलिखिताची छायाप्रत आणि दुसऱ्यावर संपादित मजकूर, एकीकडे ग्रंथालयाची तालिका आणि दुसरीकडे नोंदीचा तक्ता, अशी मांडणी अनेक ठिकाणी दिसते. तिच्यासाठी कमी किमतीचे ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातील चौकशीचा वाटतो. परंतु त्यामागे चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि तो तपासला असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. अधिक पडदे जोडण्याच्या मार्गात कार्डाची गणनशक्ती क्वचितच आडवी आली. आडवे आले ते स्मृतीतील पत्ते, मदरबोर्डवरील स्लॉट, घड्याळ-संकेत आणि ड्रायव्हर. खरेदी मात्र बहुधा वेगाच्या आणि स्मृतीच्या आकड्यांकडे पाहूनच होत राहिली.

हे समजण्यासाठी कार्डाचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग कार्डाच्या स्मृतीत साठविलेला असतो. एक स्वतंत्र मंडल ती स्मृती सेकंदाला साधारणतः ६० वेळा आरंभापासून अखेरपर्यंत वाचते आणि ठरावीक घड्याळ-संकेताच्या तालावर ते बिंदू मॉनिटरकडे पाठविते. प्रत्येक स्वतंत्र पडद्यासाठी असे एक वाचक-मंडल लागते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येकी ४ बाइट धरल्यास एका चित्राला ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ८ मेगाबाइट पुरतात. तीन पडद्यांचा हिशेब २५ मेगाबाइटच्या आतच राहतो. आधुनिक संगणकप्रणाली प्रत्येक खिडकीचे चित्र स्वतंत्रपणे साठवीत असल्याने प्रत्यक्षात याच्या अनेक पट स्मृती लागते, हे खरे. तथापि लेखन, वाचन व तक्ते यांच्या कामासाठी कार्डावरील स्मृतीचा आकडा निर्णायक ठरत नाही, एवढे या हिशेबावरून स्पष्ट होते.

पत्त्यांचा प्रश्न

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासोबत दोन वेगवेगळी कार्डे उपलब्ध होती. एमडीए हे केवळ अक्षरे दाखविणारे एकरंगी कार्ड होते, तर सीजीए हे रंगीत आकृत्या काढू शकणारे कार्ड होते. दोहोंच्या स्मृतीला संगणकाच्या पत्त्यांच्या नकाशात निरनिराळ्या जागा नेमून दिलेल्या होत्या. परिणामी दोन्ही कार्डे एकाच संगणकात सुखाने नांदू शकत आणि दोन मॉनिटर एकाच वेळी चालू राहत. १९८३मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रणालीने याचा लाभ घेतला. आकड्यांचा तक्ता एकरंगी पडद्यावर आणि त्याचा आलेख रंगीत पडद्यावर, अशी सोय तिच्यात होती. प्रोग्रामरांनाही ही युक्ती उपयोगी पडली, कारण चालू प्रोग्राम एका पडद्यावर ठेवून त्यातील दोष दुसऱ्या पडद्यावर शोधता येत असत.

१९८२च्या हर्क्युलिस कार्डाची कथा येथे विशेष उल्लेखनीय आहे. व्हॅन सुवन्नुकुल यांना आपल्या प्रबंधासाठी आयबीएमच्या संगणकावर थाई लिपी हवी होती आणि एमडीए कार्डाला ठरीव अक्षरांपलीकडे काहीच काढता येत नव्हते. त्यांनी तयार केलेल्या कार्डाने एकरंगी मॉनिटरवर ७२० × ३४८ बिंदूंच्या आकृत्या काढणे शक्य केले. रोमन लिपीबाहेरच्या भाषकाची निकड ग्राफिक्स कार्डाच्या विकासाला कारणीभूत ठरल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचे जिस्ट कार्ड हा त्याच जातीचा प्रयत्न होता. आयआयटी कानपूर येथील संशोधनातून विकसित झालेले हे कार्ड संगणकात बसविले की देवनागरीसह भारतीय लिप्या पडद्यावर उमटत. एका प्रकारे, भारतीय भाषांना संगणकात प्रवेश मिळाला तोच एका जादा कार्डाच्या वाटेने.

हर्क्युलिस कार्डाला मात्र एक अडचण होती. त्याची पूर्ण ६४ किलोबाइट स्मृती वापरात घेतली की तिचा उत्तरार्ध सीजीएच्या पत्त्यांवर अतिक्रमण करी. म्हणून दुसरे कार्ड बसवायचे असल्यास स्मृतीचा निम्माच भाग वापरावा लागे. १९८७मध्ये आलेल्या व्हीजीएने हा प्रश्न अधिक कठीण केला. त्याचे पत्ते ठाम होते. त्यामुळे दोन व्हीजीए कार्डे एकत्र बसविली की दोन्ही एकाच हाकेला ओ देत आणि गोंधळ होई. व्हीजीएच्या शेजारी जुने हर्क्युलिस कार्ड मात्र चाले. म्हणूनच १९९०च्या दशकातही अनेक प्रोग्रामरांनी मोडीत निघालेले एकरंगी कार्ड व मॉनिटर जपून ठेवले होते. दुसऱ्या पडद्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तोच होता.

याच वर्षी अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश २ या संगणकाने वेगळी वाट दाखविली. त्याच्या सहा नूबस स्लॉटांत एकाहून अधिक कार्डे बसविता येत आणि सर्व पडदे मिळून एकच सलग कार्यपृष्ठ तयार होई. खिडकी एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकविता येण्याची जी सोय आज गृहीत धरली जाते, तिचा पूर्ण आविष्कार तेथे झालेला दिसतो. किंमत मात्र सामान्य संस्थेच्या आवाक्याबाहेरची होती.

एकच स्लॉट, दोन पडदे

आयबीएम-सुसंगत संगणकांना ही सोय प्रणालीच्या पातळीवर मिळाली ती जून १९९८मध्ये, विंडोज ९८सोबत. तिच्यात नऊपर्यंत मॉनिटर जोडता येत. मधल्या काळात पीसीआय बस रूढ झाली होती आणि कार्डांना पत्ते वाटून देण्याचे काम संगणक स्वतःच करू लागला होता. तरीही व्हीजीएचे जुने ठाम पत्ते कार्डांत शिल्लकच होते. ज्या कार्डाचा हा भाग बंद करता येई, तेच दुय्यम कार्ड म्हणून चाले. त्यामुळे दुकानात स्वस्त मिळालेले प्रत्येक कार्ड उपयोगी पडेलच, याची खात्री नसे.

त्याच सुमारास एजीपी हा ग्राफिक्स कार्डाचा खास स्लॉट आला. पीसीआयचा सेकंदाला १३३ मेगाबाइटचा मार्ग सर्व कार्डांत वाटला जात असताना एजीपीने एकट्या ग्राफिक्स कार्डाला २६६ मेगाबाइटचा मार्ग दिला. परंतु मदरबोर्डवर असा स्लॉट एकच असे. वेगाच्या दृष्टीने जी प्रगती होती, ती अनेक पडद्यांच्या दृष्टीने अडसर ठरली. उपाय असा निघाला की नवे कार्ड एजीपीमध्ये आणि एस३ कंपनीचे ट्रायो किंवा व्हर्ज यांसारखे जुने कार्ड पीसीआयमध्ये बसवावे. मग आधी कोणत्या कार्डाने जागे व्हावे, हे बायॉसमध्ये ठरवावे लागे. त्याहून स्वस्त संगणकांत इंटेलचा १९९९चा ८१० हा चिपसेट असे. त्यावर ग्राफिक्स अंगभूत होते, पण एजीपी स्लॉट मुळीच नव्हता. तेथे जुने पीसीआय कार्ड हाच एक पर्याय उरे.

कॅनडातील मॅट्रॉक्स कंपनीने १९९९च्या जी४०० कार्डाद्वारे या पेचातून वाट काढली. एकाच कार्डावर दोन वाचक-मंडले आणि दोन जोडण्या, म्हणजे एका एजीपी स्लॉटमध्ये दोन पडदे. मात्र दोन्ही जोडण्या समान दर्जाच्या नव्हत्या. पहिल्या जोडणीचे घड्याळ ३०० मेगाहर्ट्झपर्यंत जाई, तर दुसरीचे १३५ मेगाहर्ट्झवर थांबे. १२८० × १०२४ बिंदूंचे चित्र सेकंदाला ७५ वेळा दाखविण्यास नेमके १३५ मेगाहर्ट्झ लागतात; त्यापुढे दुसऱ्या पडद्याला जाता येत नसे. कार्डाच्या खोक्यावर 'दोन मॉनिटर' असे लिहिलेले असले, तरी दोन सारखे मोठे मॉनिटर घेणाऱ्याची निराशा होण्यासारखीच ही स्थिती होती. २०००च्या जी४५०मध्ये दुसरे घड्याळ २३० मेगाहर्ट्झवर नेण्यात आले. त्याच वेळी स्मृतीचा मार्ग १२८ बिटांवरून ६४ बिटांवर आणून खर्च वाचविला गेला. खेळांच्या परीक्षकांना हे पाऊल मागे गेल्यासारखे वाटले. कार्यालयीन वापराच्या दृष्टीने मात्र ते पुढचेच होते.

२०००मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २ एमएक्स आणि २००१मध्ये एटीआयचे रेडिऑन व्हीई आले. दोन्ही त्या त्या कंपनीच्या मालिकेतील स्वस्त कार्डे होती आणि दोन पडद्यांची सोय याच कार्डांत आधी आली, ही बाब लक्षणीय आहे. २००२च्या सुमारास एनव्हिडियाने क्वाड्रो एनव्हीएस या नावाने शेअरबाजारातील दलालांसारख्या ग्राहकांसाठी वेगळी मालिका काढली. तिच्या आरंभीच्या कार्डांत स्वस्त जीफोर्स ४ एमएक्सचीच चिप होती. चार पडद्यांच्या कार्डावर अशा दोन चिप्स बसविलेल्या असत. म्हणजे व्यावसायिक ग्राहक जी अधिक किंमत मोजत होता ती गणनशक्तीची नव्हती. ती जोडण्यांची, शांत चालणाऱ्या कार्डाची आणि भरवशाच्या ड्रायव्हरची होती.

जुने कार्ड शेजारी बसविण्याच्या युक्तीला खरा धक्का बसला तो २००७मध्ये, आणि तो यंत्रभागाने दिलेला नव्हता. विंडोज व्हिस्टाच्या नव्या ड्रायव्हर-रचनेत सर्व कार्डे एकाच ड्रायव्हरवर चालणे आवश्यक होते. त्यामुळे दोन भिन्न कंपन्यांची कार्डे एकत्र चालेनाशी झाली. काल दोन मॉनिटरवर चालणारा संगणक प्रणाली बदलताच एका मॉनिटरवर आला. २००९च्या विंडोज ७ने ही मुभा परत दिली.

जोडण्या चार, घड्याळे दोन

सप्टेंबर २००९मध्ये एएमडीच्या रेडिऑन एचडी ५८७० कार्डाने एका कार्डावर तीन पडद्यांची सोय आणली. कार्डाच्या पाठीवर दोन डीव्हीआय, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट अशा चार जोडण्या दिसत. साहजिकच ग्राहक त्यांतील कोणत्याही तीन वापरता येतील असे समजे. प्रत्यक्षात डीव्हीआय आणि एचडीएमआय यांना प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र घड्याळ लागते आणि कार्डावर अशी घड्याळे दोनच होती. डिस्प्लेपोर्टची रचना निराळी असल्याने तिसरा पडदा केवळ त्या वाटेनेच चाले. साधा, स्वस्त अ‍ॅडॅप्टर लावून डिस्प्लेपोर्टला डीव्हीआय मॉनिटर जोडला, तर कार्डाला पुन्हा तिसरे घड्याळ द्यावे लागे आणि पडदा काळाच राही. त्यासाठी संकेताचे रूपांतर स्वतः करणारा 'सक्रिय' अ‍ॅडॅप्टर लागत असे आणि आरंभी तो चांगलाच महाग होता. हाच नियम एएमडीच्या त्या पिढीतील स्वस्त कार्डांनाही लागू होता. स्वस्त कार्डावर वाचविलेले पैसे अशा रीतीने अ‍ॅडॅप्टरवर खर्ची पडत. ही अडचण ओळखून सफायर कंपनीने २०१०मध्ये एचडी ५७७० चिपचे असे कार्ड काढले की ज्याला तीन डीव्हीआय मॉनिटर सक्रिय अ‍ॅडॅप्टरविना जोडता येत. एनव्हिडियाच्या कार्डांना त्या वेळी तीन पडद्यांसाठी दोन कार्डांची जोडी लागे. एकाच कार्डावर चार पडदे ही सोय मार्च २०१२च्या जीटीएक्स ६८०पासून मिळाली.

२०१२ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. इंटेलच्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स तीन पडदे हाताळू लागले. आधीच्या पिढीत ही मर्यादा दोनची होती. जोडण्यांबाबतच्या अटी येथेही होत्याच. तरी केवळ दुसऱ्या पडद्यासाठी वेगळे कार्ड विकत घेण्याची गरज अनेक संगणकांत तेव्हापासून उरली नाही. कार्ड बसविल्यावर काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायॉसमधील एक पर्याय बदलला की दोन्ही एकत्र चालतात आणि पडद्यांची संख्या खर्चाविना वाढते. खरेदीच्या मागणीपत्रात 'दोन जीबी ग्राफिक्स कार्ड' असे लिहिले जाते, परंतु संगणकाला आधीपासून किती पडदे जोडता येतात, कोणत्या जोडण्या एकाच वेळी चालतात आणि हाताशी असलेल्या मॉनिटरना कोणती केबल लागते, याची नोंद त्यात क्वचितच आढळते.

वाचक-मंडलांची संख्या ही निर्मात्याची निवड असते, हे २०२०मध्ये पुन्हा दिसून आले. अ‍ॅपलच्या एम१ चिपचे लॅपटॉप गणनशक्तीत वाखाणले गेले, पण त्यांना बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येई. त्याच वर्षी आसुस कंपनीने जीटी ७१० या २०१६च्या, अत्यंत मंद समजल्या जाणाऱ्या कार्डाची चार एचडीएमआय जोडण्यांची आवृत्ती काढली. चारही पडदे एकाच वेळी चालत, पंखा नव्हता आणि जादा वीजजोडणीही लागत नव्हती. त्यातील चिप केप्लर पिढीची होती. त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने नियमित ड्रायव्हर देणे २०२१मध्ये थांबविले आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या सप्टेंबर २०२४पर्यंतच दिल्या. जोडण्या आजही चालतात. जुन्या बाजारात हे कार्ड स्वस्तात मिळाले, तरी विक्रेत्याला आधी विचारावयाचे ते ड्रायव्हरविषयीच.