दारी आलेला अनोळखी : वेसकराच्या चौकशीपासून राईनपाड्यापर्यंत

१/ १ जुलै २०१८. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा या आदिवासी गावात पाच जण आले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भिक्षेकरी भटक्या समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले.

२/ अनोळखी माणसाविषयी सावध असावे, ही शिकवण जुनी आहे आणि ती चुकीचीही नाही. प्रश्न वेगळा आहे. सावध असणे म्हणजे नेमके काय करणे? या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेली उत्तरे पाहिली, की राईनपाड्यात काय हरवले होते ते समजते.

३/ कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या बंदोबस्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. घरी उतरणाऱ्या व घरातून जाणाऱ्या माणसाची वर्दी घरमालकाने अधिकाऱ्याला द्यावी, असा तेथे नियम सांगितला आहे. वर्दी दिली नाही आणि रात्री गुन्हा घडला, तर त्याचा दोष घरमालकावर येई. काहीच घडले नाही, तरी ३ पण दंड होताच. पाहुण्याला हाकलावे, असे मात्र तेथे म्हटलेले नाही. त्याची नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

४/ मराठी मुलुखातील गावगाड्यात हे काम वेसकराकडे असे. गावकुसाला वेस, वेशीवर वेसकर, आणि ही जबाबदारी बहुतेक ठिकाणी महार वतनदारांची. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलुखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पहारेकऱ्याची कामे नोंदवली आहेत : रात्री पहारा करणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणे, परक्या माणसाची वर्तणूक पाहणे आणि संशय वाटल्यास पाटलाला कळवणे.

५/ चोरी झाली, तर पावलांचा माग काढणे हेही त्याचेच काम. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला आणि तेथील पहारेकऱ्याची खात्री पटली, की पुढचा तपास त्या गावाकडे जाई. या साऱ्या व्यवस्थेत संशय हा शेवट नव्हता. संशयाने कामाला सुरुवात होई. पुढे विचारपूस, माग, पाटील अशी एकेक पायरी होती आणि प्रत्येक पायरीवर जाब देणारा कोणीतरी होता.

६/ या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. ज्याच्या जागरणावर गाव निश्चिंत झोपे, त्या वेसकराचे स्वतःचे घर गावकुसाबाहेर असे आणि कष्टाचा मोबदला म्हणून त्याला दारोदार भाकरी मागावी लागे. परक्याची पारख करणाऱ्यालाच गावाने परके मानले होते.

७/ तरीही सारेच अनोळखी लोक गावाला सारखे अनोळखी नसत. वासुदेव, पिंगळा, पोतराज, नंदीबैलवाले, डवरी गोसावी यांचे फिरणे ठरलेले असे. पोशाख आणि वाद्य हीच त्यांची ओळख. हेळवी तर घराण्यांच्या वंशावळी सांगत. त्यामुळे माणूस नवा असला, तरी त्याचा वेष ओळखीचा असे, आणि त्याच्या दारी येण्याला अर्थ असे.

८/ विचारपूस टाळून थेट कोंडून घातले तर काय होते, हे पेशवाईतील पुण्यानेही पाहिले. १७९१ साली शहरात आलेल्या परप्रांतीय तेलंगी ब्राह्मणांना घाशीराम कोतवालाच्या हुकमाने एका लहान जागेत डांबण्यात आले. त्यांतले वीसहून अधिक जण गुदमरून मेले. पुढे संतप्त जमावाने घाशीरामालाही दगडांनी ठेचून मारले. चौकशी आधी झाली नाही, आणि नंतरही तिच्यासाठी कोणी थांबले नाही.

९/ कंपनी सरकारच्या काळात संशयाचे स्वरूपच बदलू लागले. ठगांविरुद्धच्या १८३६च्या कायद्याने एखादा माणूस ठगांच्या टोळीचा होता एवढे सिद्ध झाले, तरी जन्मठेप देता येऊ लागली. त्याने स्वतः कोणता गुन्हा केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

१०/ १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की तिच्यात जन्मलेल्या माणसाची नोंद, हजेरी आणि बाहेर जाण्यासाठी परवाना. त्या घोषणेला न्यायालयात आव्हान नाही. अशा जमातीचे वाटणारे लोक गावात आले, तर ठाण्याला खबर देण्याची सक्ती गावच्या प्रमुखावर आणि पहारेकऱ्यावर होती. पूर्वी वेसकर माणसाची वर्तणूक पाहत असे. आता त्याने जात पाहायची होती.

११/ रामोश्यांचे उदाहरण बोलके आहे. गावांची आणि पुरंदरसारख्या गडांची राखण हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. आज त्यांचे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. पहारा करणाऱ्यांवरच पहारा बसवला गेला. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभारण्यात आली. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि हजेरीला परतत.

१२/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी केंद्राचा हा कायदा रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कायदा कागदावरून गेला, पण पाल ठोकून राहणाऱ्या माणसाकडे पाहण्याची नजर गेली नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय पालांवर, हा अनुभव भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत वारंवार येतो.

१३/ राईनपाडा ही त्या कायद्याची थेट परिणती म्हणता येणार नाही. तेथे मारणारेही गरीब आदिवासीच होते आणि मुलांविषयीची त्यांची भीती खरी होती. परंतु ज्या पायऱ्यांवर भीती थांबते, त्या सगळ्या तेथे ओलांडल्या गेल्या. डवरी गोसाव्याची जुनी ओळख तेथे कामी आली नाही आणि खातरजमेची जागा मोबाइलवरील संदेशाने घेतली.

१४/ त्याच महिन्यात, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. तरीही १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवेला बळी पडले. त्या वेळी तर पोलीसही तेथे पोहोचले होते.

१५/ वेशी पडल्या, वेसकराचे वतन संपले, आणि ते संपले हे योग्यच झाले. त्याचे काम मात्र संपलेले नाही. गावात आज पोलीस पाटील आहे आणि शहरात ठाण्याचा दूरध्वनी आहे. दार अर्धे उघडे ठेवून नाव-गाव विचारावे, ओळखपत्र पाहावे, शंका वाटल्यास कळवावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. राईनपाड्यात त्या पाच जणांसाठी एवढे थांबणारे कोणी असते, तर ते मंगळवेढ्याला परतले असते.