बायर्न म्यूनिक

बायर्न म्यूनिक : जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या राजधानीतील एक प्रसिद्ध फुटबॉल संस्था. एकोणिसाव्या शतकात जर्मनीमध्ये ‘टुर्नेन’ ही सामुदायिक व्यायामपद्धती राष्ट्रीय शिस्तीचे साधन मानली जाई. तिच्या अनेक पुरस्कर्त्यांना फुटबॉल हा परकी, इंग्लिश खेळ म्हणून अप्रिय होता. म्यूनिक येथील १८७९ मध्ये स्थापन झालेल्या एका व्यायाममंडळाने आपल्या फुटबॉल-शाखेला दक्षिण जर्मन फुटबॉल संघटनेत सामील होण्यास विरोध केला. तेव्हा २७ फेब्रुवारी १९०० रोजी अकरा सभासद सभा सोडून बाहेर पडले आणि त्याच रात्री श्वाबिंग या कलावंतांच्या वस्तीतील ‘गिझेला’ उपाहारगृहात त्यांनी नवी संस्था स्थापन केली. फ्रांट्स योन हा तिचा पहिला अध्यक्ष होय. संस्थापकांत अनेकजण बव्हेरियाबाहेरून आलेले होते. योझेफ पोलाक व पुढे शिल्पकार म्हणून नावारूपास आलेला बेनो एल्कान हे ज्यू होते.

१९०१ मध्ये खेळाडू म्हणून संस्थेत आलेला ज्यू व्यापारी-कुटुंबातील कुर्ट लांडाउअर (१८८४–१९६१) १९१३ मध्ये अध्यक्ष झाला. पहिल्या महायुद्धात सैन्यात सेवा करून परतल्यावर १९१९ पासून त्याने, अल्पकालीन खंड वगळता, १९३३ पर्यंत ते पद सांभाळले. परदेशी संघांशी सामने व परदेशी प्रशिक्षकांचे मार्गदर्शन हे त्याच्या धोरणाचे मुख्य सूत्र होते. त्याचे फळ १२ जून १९३२ रोजी मिळाले. न्यूरेंबर्ग येथील अंतिम सामन्यात आइनट्राख्ट फ्रँकफुर्टचा २–० असा पराभव करून बायर्नने पहिले जर्मन अजिंक्यपद जिंकले. विजयी संघाचा प्रशिक्षक रिखार्ट डोंबी हा ऑस्ट्रियन ज्यू होता.

सातच महिन्यांनी नाझी पक्ष सत्तेवर आला. मार्च १९३३ मध्ये लांडाउअरने राजीनामा दिला. डोंबीने जर्मनी सोडली. पुढे संस्थेची दारेही ज्यूंना बंद झाली. नोव्हेंबर १९३८ मध्ये लांडाउअरला डाखाउच्या छळछावणीत डांबण्यात आले. माजी सैनिक असल्याने त्याची सुटका झाली व १९३९ मध्ये त्याने स्वित्झर्लंडचा आश्रय घेतला. त्याची चार भावंडे मात्र नाझी संहारास बळी पडली.

१९४७ मध्ये तो म्यूनिकला परतला आणि १९५१ पर्यंत पुन्हा अध्यक्ष होता. त्यानंतर त्याचे नाव दीर्घकाळ विस्मृतीत गेले. १९६० नंतरच्या यशांनी संस्थेला जागतिक कीर्ती लाभली, तरी तिच्या पहिल्या अजिंक्यपदामागील ज्यू कार्यकर्त्यांच्या वाट्याची जाणीव बऱ्याच उशिरा झाली. २०१३ मध्ये संस्थेने लांडाउअरला मरणोत्तर सन्माननीय अध्यक्षपद दिले.