घाटाखालच्या शाळा आणि अभ्यासाची गोडी

मुलाचे चित्त अभ्यासात रमत नाही, ही तक्रार आजच्या पालकाला आपल्याच काळाची व्याधी वाटते. परंतु कुसूर घाटाच्या पायथ्याशी वसलेली भिवपुरी आणि तिच्या भोवतालचा कर्जत-खालापूरचा मुलूख नजरेसमोर ठेवून या तक्रारीचा माग काढू लागले, की पंतोजी, शाळा-तपासनीस आणि समाजसुधारक अशा तीन पिढ्यांनी ती आपापल्या परीने मांडलेली आढळते. अनास्थेचे मूळ ज्याने जेथे मानले, तेथेच त्याने उपाय योजला. आणि ते मूळ प्रथम मुलाच्या अंगात, नंतर त्याच्या बापाच्या अज्ञानात, व फार विलंबाने शाळेच्या वेळापत्रकात शोधले गेले.

इंग्रजी अंमल बसण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या पडवीत पंतोजीची शाळा भरे. धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवावीत, मग बोरूने मोडीचे कित्ते काढावेत, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी करीत दिडकी-औटकीपर्यंत पाढे मुखोद्गत करावेत, एवढा तिचा अभ्यासक्रम. मुलगा घरी दडून बसला, तर पंतोजी चार दांडगे विद्यार्थी धाडीत. ते हातपाय धरून त्याची उचलबांगडी करीत, आणि ओवरीत आणून टाकल्यावर अंगठे धरून ओणवे राहण्याची शिक्षा ठरलेलीच असे. हा प्रकार निर्दय खराच. पण त्याच शाळेतल्या सायंकाळच्या परवच्याला पोपटपंची म्हणून जे हसतात, त्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. कारण पंचवीस कंठांतून एका ठेक्यात औटकी निघू लागली म्हणजे ज्याला अभ्यासाचा मनस्वी कंटाळा आला आहे असा पोरही त्या ओघात वाहत जाई, आणि आज आपल्याला पाठांतराची इच्छा आहे किंवा नाही हा प्रश्न त्याला स्वतःला विचारण्याची उसंतच मिळत नसे. एकट्याने, बंद खोलीत, स्वतःच्या इच्छाशक्तीच्या बळावर अभ्यास करणे ही कल्पना त्या काळी बहुधा कोणाला सुचलीच नसती.

शिवाय त्या ओवरीत बसणाऱ्याला आपण कशासाठी बसलो आहोत हे पुरते ठाऊक असे. मोडी वळणदार आली तर कुलकर्ण्याचे दप्तर किंवा मामलेदार कचेरीतील कारकुनी, आणि हिशेब पक्का झाला तर वडिलांच्या दुकानाची खातेवही त्याची वाट पाहत होती. आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी यांची मुले मात्र त्या ओवरीची पायरी क्वचितच चढत, आणि त्यांच्या इच्छा-अनिच्छेची चौकशी करण्याचे प्रयोजन कोणाला वाटत नसे.

१८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली, आणि याच सुमारास सरकारी शाळांबरोबर हजेरीपट, तपासणी व शेरेबुक यांचाही जिल्ह्याजिल्ह्यात शिरकाव झाला. इंग्लंडात १८६२ मध्ये सुरू झालेली निकालावर अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्यानेही उचलली. जितकी मुले परीक्षेत उतरतील तितके पैसे, असा तिचा व्यापारी न्याय होता. तिच्यावर नेमके बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी बजावले, की ज्या समाजात विद्येची अभिरुचीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, तेथे निकालावर पैसे मोजून शाळा उभ्या राहणार नाहीत. ती अभिरुची निर्माण होईतो सरकारने स्वतः शाळा चालवाव्यात, आणि बक्षिसे व शिष्यवृत्त्या देऊन मुलांना आकृष्ट करावे. अभ्यासाची ओढ हा मुलाचा उपजत गुण नसून ती समाजाने व सरकारने परिश्रमपूर्वक लावावी लागते, हे इतक्या स्वच्छपणे आपल्याकडे त्यापूर्वी कोणी मांडल्याचे मला स्मरत नाही.

आता भिवपुरीकडील वर्ष कसे फिरते ते पाहावे. शाळा जूनमध्ये उघडते, त्याच सुमारास मृगाच्या सरीवर पेरलेले भाताचे राब हिरवे होऊ लागतात, आणि आषाढात लावणी सुरू झाली म्हणजे घरातले हाताशी आलेले प्रत्येक माणूस, आठ वर्षांच्या मुलीपासून, चिखलात उतरते. जे अगदीच लहान ते गुरांमागे किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बांधावर. भात कापून होते न होते तो दिवाळी येते, आणि कातकऱ्यांची कुटुंबे, जी पूर्वी कात काढीत व कोळसा पाडीत, ती मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती वळवाच्या ढगांबरोबर परततात. अशा मुलाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा साचल्या, की आळशी म्हणून त्याची नोंद करून मोकळे होणे मास्तरला सोपे होते. १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्ती आणली व मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडही सांगितला; पण दंडाने वाफ्यातली लावणी थांबत नाही.

कायद्याआधीच कर्जत तालुक्यात एका वकिलाने दुसरी वाट धरली होती. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण, म्हणजे भाई कोतवाल, स्वतः मोठ्या हालअपेष्टांत शिकले, आणि सनद मिळवल्यानंतर शहरात बस्तान न बसवता त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा काढल्या. जोडीला, सावकाराच्या दारात उभे राहण्याची पाळी येऊ नये म्हणून, धान्यकोठ्या उभारल्या. या दोहोंची सांगड मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्या बापाची जमीन न वाचता आलेल्या खतावर अंगठा उठवल्यामुळे गहाण पडली आहे, त्याला अक्षर कशासाठी शिकायचे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. आणि ज्याच्या घरी आषाढात दाणा नाही, त्याला कितीही समजावले तरी व्यर्थ. भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ मध्ये सुरू होऊन आंध्र खोऱ्यातल्या पाण्याची वीज मुंबईला जाऊ लागली, तरी त्या तारांखालच्या वाड्यांतली पोरे रॉकेलच्या चिमणीपुढेच बसत. १९४२ च्या आंदोलनात कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांनी प्राण दिला. त्यांचे नाव चळवळीच्या इतिहासात अग्रभागी आहे. शाळांच्या इतिहासात ते जितके घ्यावे तितके घेतले जात नाही.

त्यांनी सोडलेला धागा अन्यत्र उचलला गेला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, जे प्रयोग केले, त्यांतली कुरणशाळा ही सर्वांत साधी युक्ती: गुरे राखणारे मूल शाळेत येत नसेल, तर शिक्षिकेने कुरणावर जावे. पुढे ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीवरच्या झोपड्यांलगत भोंगाशाळा भरू लागल्या. आईबाप स्थलांतराला निघाले तरी मुलाला गावातच, आजी किंवा शेजारणीच्या देखरेखीखाली जेवणाखाण्यासह ठेवता यावे, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजनाही सरकारने आखली. अशा योजनेला सरकारी दिरंगाई मानवत नाही. भट्टीचा मुकादम उचल वाटून आणि ट्रक घेऊन दिवाळीलाच वाडीवर हजर होतो, आणि वसतिगृहाची मंजुरी त्यानंतर आली, तर ज्या मुलांसाठी ती मागितली ती तोवर भट्टीवर पोचलेली असतात.